पेन्सिल घेऊन वाच

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गणितज्ञ जॉन नॅशवरचा ‘अ ब्युटिफुल माइंड’ हा चित्रपट पाहिलास, गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट वाचलीस आणि तुला वाटू लागलं की गणित म्हणजे झपाटलेल्या, अल्पायुषी माणसांचं काम. आपल्यासारख्या साध्या मुलीचं नव्हे. हा समज मनात घर करण्याआधी लिहितोय.

आधी गाल्वा. ज्यात त्याचा जीव गेला त्या द्वंद्वाच्या आदल्या रात्री, १८३२ च्या मे महिन्यात, विशीतल्या या मुलाने पहाटेपर्यंत भराभर लिहून आपलं सगळं गणित जगाला दिलं, असं चित्र गणितज्ञ-लेखक ई. टी. बेल यांनी १९३७ साली ‘मेन ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणितज्ञांच्या चरित्रांच्या पुस्तकात रंगवलं. ‘मला वेळ नाही’ हे त्याने समासात लिहिलेले शब्द खरे आहेत. पण ज्या निबंधाच्या समासात ते लिहिले, तो निबंध आधीच तयार होता! समीकरणांवरचं ते काम त्याने पॅरिसच्या अकादमीकडे पाठवलं होतं आणि १८३१ साली ते नाकारलं गेलं होतं. त्या रात्री त्याने मित्राला लांब पत्र लिहिलं आणि जुन्या कागदांत दुरुस्त्या केल्या. त्यामागे काही वर्षांची मेहनत होती. बेलनी नेमकी तीच झाकली, आणि तुझ्यासारख्या वाचकाचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं.

म्हणून ते पुस्तक फेकून द्यावं का? मुळीच नाही. अमेरिकन गणितज्ञ ज्युलिया रॉबिन्सनना कॉलेजात याच पुस्तकाने गणिताची ओढ लावली. पुढे हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नावर, म्हणजे समीकरणाला पूर्णांकी उत्तर आहे का हे ठरवण्याच्या प्रसिद्ध प्रश्नावर, त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आणि शाळकरी वयात हेच पुस्तक वाचणारा आणखी एक मुलगा म्हणजे तुझा जॉन नॅश. नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मकथनात तो सांगतो की बेल वाचताना त्याने फर्माचं मूळ संख्यांविषयीचं एक प्रमेय स्वतः सिद्ध केलं. गोष्टीत रमला, पण तिथेच थांबला नाही.

पुढे त्याच नॅशची गोष्ट झाली. २००१ च्या चित्रपटात त्याला नसलेली माणसं दिसतात. खऱ्या नॅशला स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात आवाज ऐकू येत. प्राध्यापकांनी सन्मान म्हणून पेनं त्याच्या पुढ्यात ठेवण्याचा प्रसंग कल्पित आहे. या सवलती मी समजू शकतो. बारमधल्या प्रसंगाचं मात्र मला वाईट वाटतं, कारण तिथे गणितच चुकलंय. सगळ्या मित्रांनी सर्वांत सुंदर मुलीकडे दुर्लक्ष करून तिच्या मैत्रिणींकडे जावं, असा तोडगा त्यात निघतो. आता तूच तपास. समज, मित्र चार आहेत. बाकीचे तिघं मैत्रिणींकडे गेले, तर चौथ्याचा फायदा कशात? सरळ त्या मुलीकडे जाण्यात. एकट्याने निर्णय बदलून कुणाचाच फायदा होत नाही, ती स्थिती म्हणजे नॅश समतोल. पडद्यावरचा तोडगा त्या व्याख्येत बसतच नाही. ही कल्पना नॅशच्या १९५० च्या प्रबंधातली. आजार बळावला तो १९५९ च्या सुमारास, आणि त्याने नॅशची कामाची वर्षं हिरावून घेतली. प्रतिभा आजारातून आली, असं कुणी सांगितलं तर या दोन तारखा आठव.

तेव्हा अशी पुस्तकं भरपूर वाच, चित्रपट बघ. फक्त जिथे लेखक ‘मग त्याला अचानक सुचलं’ म्हणतो, तिथे थांब आणि काय सुचलं ते शोधून कागदावर करून बघ. ते जमलं नाही तर पुस्तक अर्धंच वाचून झालं असं समज.

सुरुवात नॅशने केली तिथूनच, म्हणजे फर्माच्या त्याच प्रमेयापासून कर. पाच मणी एका ओळीत, प्रत्येक तांबडा किंवा निळा: ३२ ओळी होतात. दोन एकरंगी बाजूला काढ, उरल्या ३०. आता प्रत्येक ओळीतला पहिला मणी उचलून शेवटी ठेवत जा. पाच-पाच ओळींचे गट पडतात, म्हणून ३० ला ५ ने भाग जातो. चार मणी घेतलेस तर उरतात १४, आणि त्यांना ४ ने भाग जात नाही. कुठला गट बिघडतो आणि का, ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
सर