रहस्य उलगडल्यावरही पुन्हा वाचावेसे वाटते ते

आपण विचारले आहे की, थरारक कादंबऱ्यांत रमणाऱ्या माणसाला कविता मनापासून आवडू शकते का, आणि चित्रपट, कादंबरी व कविता यांपैकी त्याने सुरुवात कशापासून करावी. आवडू शकते, असे मी खात्रीने सांगेन. माझ्या बाबतीत तर तिन्हींची गोडी एकाच कारणाने लागली आणि ते कारण म्हणजे उत्कंठा.

उत्कंठा आणि धक्का यांत मी फरक करतो. धक्का एकदाच बसतो आणि शेवट कळला की पुस्तक रद्दीत गेले तरी हळहळ वाटत नाही. उत्कंठेचे बळ असे की, पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ती आपल्याला जागेवर खिळवून ठेवते. रहस्यपटांचा विख्यात दिग्दर्शक हिचकॉक याने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत हे फार नेमके सांगितले आहे. दोन माणसे बोलत बसली आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोटाच्या क्षणापुरते तो दचकेल, पण आधीच ठाऊक असेल तर त्या दोघांच्या अगदी साध्या गप्पाही त्याला श्वास रोखून ऐकाव्या लागतील. मला आवडणारे बहुतेक सारे या दुसऱ्या प्रकारात बसते.

राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ हा चित्रपट मी शेवट माहीत असूनही पुन्हा पुन्हा पाहतो. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे, आणि पुढे राज खोसला यांनी हिंदीत त्यावरून ‘मेरा साया’ काढला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या माणसासमोर तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी, पोलिसांनी पकडलेली एक स्त्री उभी राहते आणि मीच तुमची बायको आहे असे सांगते. पहिल्यांदा पाहताना आपण ती खरी की खोटी याचा शोध घेत असतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते, कारण दोघांखेरीज कुणाला ठाऊक नसाव्यात अशा संसारातल्या गोष्टी ती बोलू लागते तेव्हा त्याला तिच्यावर विश्वास ठेवायचाही असतो आणि विश्वास ठेवण्याची भीतीही वाटत असते. रहस्याचा पडदा दूर झाल्यावरही हे दुःख शिल्लक राहते, म्हणून तो चित्रपट जुना होत नाही.

कादंबऱ्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा वेग मला आवडतो, परंतु त्यांच्याकडे मी क्वचितच परत जातो. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांकडे जातो, कारण ते घाई करत नाहीत. चारचौघांसारखे घर, नोकरी, जेवणखाण, शेजारी असे सगळे नीट मांडून झाल्यावर त्यातली एखादीच गोष्ट ते किंचित जागची हलवतात, आणि वाचणाऱ्याला ती घरातल्या माणसांच्या आधी जाणवते. टेबलाखालचा बॉम्ब तो हाच.

आता कवितेकडे येतो. आपला खरा प्रश्न तिच्याविषयीच आहे असे मला वाटते, आणि खान्देशातल्या माणसाला त्याचे उत्तर घरातच सापडते. धरणगावला जन्मलेल्या बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता शाळेत बहुतेकांनी निसर्गवर्णन म्हणून पाठ केलेली असते. ती एकदा रहस्यकथेसारखी वाचून पाहावी. आरंभी दोन्ही तटांवर हिरवळ घेऊन वाहणारा निळासावळा झरा दिसतो, पलीकडे टेकडीजवळ चार घरांचे गाव, मग शेतमळ्यांची दाटी, आणि या सगळ्यातून आडवीतिडवी निघालेली एक पांढरी पायवाट. इथपर्यंत सारे प्रसन्न आहे. मग कळते की ही पायवाट काळ्या डोहाकडे चालली आहे. पाण्यावर काळोखी पसरते, आणि त्या पाण्यात पाय सोडून औदुंबर बसलेला दिसतो. कविता तिथेच संपते. त्या पायवाटेने कोण गेले, त्या झाडाच्या मनात काय आहे, यातले काहीही कवी सांगत नाही, आणि समीक्षकांनी त्या औदुंबराचे किती तरी अर्थ लावले तरी तो अजून कुणाच्या हाती पुरता लागलेला नाही. दूरच्या दृश्यापासून हळूहळू जवळ येत एका चेहऱ्यावर थांबणाऱ्या कॅमेऱ्याची चाल या आठ ओळींत आहे. भुसावळहून जळगावला जाताना वाटेत भादली स्टेशन लागते. तिथेच १९१८ च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बालकवींचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला. गाडी तिथून जात असताना हातात कुठलीही कादंबरी असली तरी मी ती मिटून ठेवतो.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची मनावरची कविताही अशीच वाचावी. उभ्या पिकात शिरणाऱ्या, कितीही हाकलले तरी फिरून येणाऱ्या गुरापासून ती सुरू होते. शेतकऱ्याच्या घरात हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. पुढे मन विंचू-सापापेक्षा विषारी ठरते, खसखशीच्या दाण्याएवढे होते, आभाळातही मावेनासे होते, आणि अखेरीस बहिणाबाई थेट देवालाच विचारतात की, जागेपणी तुला असे स्वप्न पडले तरी कुठे? गुराला हाकलत निघालेली बाई देवाची उलटतपासणी घेऊन थांबते, हे वळण कोणत्याही रहस्यकथाकाराला हेवा वाटावे असे आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. त्या मोठ्याने म्हणाव्यात, आणि शक्य असेल तर आमच्याकडची बोली बोलणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून म्हणून घ्याव्यात.

तेव्हा आपण ‘पाठलाग’पासून सुरुवात करावी, आणि तो दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर ‘औदुंबर’ उघडावी. कवितासंग्रह कादंबरीसारखा एका बैठकीत संपवू नये. एका दिवशी एकच कविता वाचावी आणि तिचा अर्थ विचारण्याआधी ती दोनदा म्हणावी. धारप मात्र रात्री वाचायला हरकत नाही, त्यांची खरी वेळ तीच आहे.