आधी चेकवरची तारीख पाहा

दहिसरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. तयार हिऱ्यांची पुडी ओळखीच्या व्यापाऱ्याला जांगडवर, म्हणजे पसंत पडला तर घ्या नाहीतर परत करा या बोलीवर, दिली. त्याने माल ठेवून घेतला, बिल झाले, १८ लाखांचा चेक मिळाला. तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, त्याला दीड महिना झाला. व्यापारी म्हणतो, मंदी आहे, दिवाळीपर्यंत थांबा.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले, पाठोपाठ ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हापासून अशी पत्रे वाढली आहेत. तुम्हीही मंदीवर दोन पाने लिहिलीत, पण चेकवर तारीख कोणती ते लिहिले नाहीत. सगळे तिथेच अडले आहे.

चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत तुम्ही त्याच्या गोड बोलण्यावर घालवलीत. कोर्टात तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते, नोटिशीच्या उशिराला ती सोय नाही. इतका मोठा व्यवहार करताना एका वकिलाला फोन करायला काय हरकत होती?

तरी एक वाट उरली असेल. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि तेवढ्यात तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला, तर बँकेच्या त्या नव्या मेमोपासून, म्हणजे चेक न वटल्याच्या चिठ्ठीपासून, नवे ३० दिवस मिळतात. एमएसआर लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तीन महिने संपले नसतील तर उद्याच चेक भरा. मेमो हाती येताच नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. तिच्यात चेकची रक्कम स्वतंत्र मागा. व्याज, दलाली, जुनी उधारी मिसळून एकच गोळाबेरीज आकडा टाकला की नोटीसच बाद ठरू शकते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. मंदी हा चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलमात (परक्राम्य संलेख कायदा, कलम १३८) बचाव नाही.

तीन महिने उलटले असतील तर चेकवरची तारीख स्वतः खोडू नका, चेक निकामी होईल. मग उरतो वसुलीचा दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी करावी लागते.

विश्वासघाताच्या फिर्यादीबद्दल मी ठाम सांगणार नाही. माल जांगडवर असेपर्यंत तो तुमचा होता, पण बिल झाल्यावर ती विक्री ठरते, आणि पोलीस बहुधा 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतील. जांगड चिठ्ठीतला मजकूर आणि बिलाची तारीख पाहिल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही.

चेकचा खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच म्हणतो. मुंबईत तो वर्षानुवर्षे चालतो, हे संतापजनक आहे. म्हणून त्याच कायद्याच्या कलम १४३अ खाली चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा अर्ज जरूर करा. ती द्यायची की नाही हे मात्र कोर्ट ठरवते.

दिवाळीपर्यंत थांबायचेच असेल, तर देणे मान्य असल्याचे त्याच्या सहीने लिहून घ्या आणि सोबत नव्या तारखेचा चेक घ्या.