झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस येतो, लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस असूनही. हा पसरतो कसा आणि थांबवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की प्रिंट काढून घरी आलात तर पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, आणि दुकानदार म्हणतो, 'फॉरमॅट मारा'. एवढ्यात फॉरमॅट मारू नका. फायली बहुतेक जागच्या जागी आहेत, फक्त दिसत नाहीयेत.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अ‍ॅडमिशनचे दिवस आले की हीच तक्रार घेऊन पोरं रांगेने येतात. हा व्हायरस करतो काय, तर तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि प्रत्येकाच्या नावाचा, हुबेहूब फोल्डरसारखा दिसणारा शॉर्टकट तिथे ठेवतो. त्यावर डबल-क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालते आणि पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो. फोल्डर उघडला म्हटल्यावर शंका कोण घेणार? स्क्रिप्ट तेवढ्यात लॅपटॉपमध्ये ठाण मांडते, दर वेळी विंडोजबरोबर सुरू होते आणि पुढचा पेन ड्राइव्ह लागला की त्यात शिरते. झेरॉक्सवाल्याच्या मशीनला दिवसभर गावातले पेन ड्राइव्ह लागतात, त्यामुळे तिथे तिची चैनच असते. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, पण मशीन साफ करायला त्याला फुरसत नसते.

विंडोज एक्सपीच्या काळात तर डबल-क्लिकचीही गरज नव्हती, 'ऑटोरन'मुळे पेन ड्राइव्ह लावला की काम तमाम. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ते बंद केलं आणि २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही तसं अपडेट दिलं. तेव्हापासून या जातीच्या व्हायरसला बहुतेक वेळा तुमच्या बोटाची मदत लागते.

आता उपाय. आधी लॅपटॉपवर पूर्ण स्कॅन चालवा, नाहीतर साफ केलेला पेन ड्राइव्ह पुन्हा बाधित होईल. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यातली कागदपत्रं आणि फोटो तेवढे कॉपी करून घ्या, शॉर्टकटला हात लावू नका. आणि आता मारा फॉरमॅट. काम झालं की ती काढलेली खूण परत लावा.

तिथेच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' (फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणारा नावाचा शेवटचा तुकडा दाखवणारा) हा पर्याय मात्र कायमचा चालू ठेवा. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस याच फटीतून जगभर गेला. ईमेलला जोडलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'टीएक्सटी.व्हीबीएस' होतं, आणि व्हीबीएस म्हणजे स्क्रिप्ट. विंडोज शेवटचा तुकडा लपवायचं, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. उघडली की ती पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना आपोआप जायची, आणि तीही ओळखीच्या माणसाच्या नावाने.

तुमच्याकडे अँटिव्हायरस आहे म्हणता. तो ओळखीचे व्हायरस पकडतो, थोडंफार संशयास्पद वागणंही पकडतो, पण स्क्रिप्ट जराशी बदलली की हुकू शकतो. घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरे आहे असं माझं मत. (अँटिव्हायरस विकणारा माझ्यासारखा माणूस हे सहसा बोलत नाही.) त्याच्यावर दुसरा आणि तिसरा चढवला तर लॅपटॉप फक्त रखडेल. आणि फोटोशॉप किंवा कोरल ड्रॉ फुकटात चालवून देणाऱ्या क्रॅकबरोबर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते, तेव्हा ती का दिलेली असते याचा विचार करा.

अँटिव्हायरसवरच्या पैशांपेक्षा अपडेटकडे लक्ष द्या. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा व्हायरस सुटला, त्याला कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण जायचा, फायली कुलूपबंद करायचा आणि ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत पोचला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली. ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! पायरेटेड विंडोज घेणारे 'अपडेट केलं तर लॉक होईल' या भीतीने अपडेट बंद ठेवतात, तेव्हा मला हेच आठवतं.

त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला तो मात्र अपडेटमधूनच. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं अधिकृत अपडेट हल्लेखोरांनी आधीच विषारी केलं होतं. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि त्यांच्या समूहाकडे असलेलं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं टर्मिनलही ठप्प झालं. म्हणून अपडेट बंद करायचं का? मुळीच नाही, असं लाखात एकदा होतं. पण सगळं करूनही फटका बसू शकतो हे खरं, आणि इथे मर्स्कची गोष्ट कामाची आहे. त्यांच्या नेटवर्कची मुख्य नोंदवही सांभाळणारे जगभरातले सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते, त्यामुळे एकजात पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे नेमकी वीज गेली होती! त्या एका प्रतीवरून त्यांनी नेटवर्क पुन्हा उभं केलं.

बॅकअप तसाच हवा, मशीनपासून तोडलेला. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. चोवीस तास लावून ठेवलेली डिस्क फायलींबरोबरच कुलूपबंद होते.

प्रिंटसाठी एक जुना पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात तेवढीच पीडीएफ न्या आणि घरी आणून काही न उघडता फॉरमॅट करा. दुकानदाराला फाइल ईमेल केली तर पेन ड्राइव्हही नको, पण आधार-मार्कशीट असेल तर निघताना समोर डिलीट करून घ्या.

तुम्ही विचारलं नाही, पण हल्ली माझ्याकडे पेन ड्राइव्हपेक्षा बाधित झालेले मोबाइल जास्त येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान' किंवा 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल, येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. चलान सरकारच्या परिवहन साइटवर बघता येतं. ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे बँकेचे ओटीपी थेट चोराकडे. चुकून इन्स्टॉल झालंच, तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद झालंय ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मग घरच्यांना सांगा आणि त्यांच्याकडून ग्रुपवर कळवा की माझ्या नावाने फाइल आली तर उघडू नका, कारण एव्हाना ती पुढे गेलेली असू शकते.