पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच ना? आणि ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ हा हट्ट कशासाठी?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ख्रिस्ती लोकांचं पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्माचाच एक प्रकार का, हा पहिला. आणि पुन्हा उठायचंच आहे तर जीव जाईपर्यंत विश्वासाला चिकटून कशाला राहायचं, तोंडदेखलं नाकारून मोकळं का होऊ नये, हा दुसरा. मी मराठी ख्रिस्ती घरातला, प्रोटेस्टंट मंडळीतला, म्हणजे चर्चमधला आहे. पाळक, म्हणजे धर्मगुरू नाही, पण हे ऐकत आणि वाचत आलोय.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे : नाही. पुनर्जन्मात देह बदलतो आणि फेरा चालू राहतो. आमच्याकडे फेराच नाही. माणूस एकदा जगतो, एकदा मरतो आणि शेवटच्या दिवशी देव त्याच माणसाला देहासकट उठवतो. नुसता आत्मा स्वर्गात गेला एवढ्यावर आमचं भागत नाही. आता कुजलेला देह कसा उठणार? ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत कुणी हेच विचारेल, हे येशूचा आद्य प्रचारक पौल याने धरलंच होतं. तो म्हणतो, पेरतो ते बी आणि उगवतं ते रोप दिसायला वेगळं असतं, पण बी मेल्याशिवाय रोप येत नाही. त्याच अध्यायात, म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्यात, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. मेलेले उठत नसतील तर मी रोज जिवावर उदार का होऊ, असं तो विचारतो. मग खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे! त्याच्या लेखी पुनरुत्थान ही विश्वासू राहण्यातून सुटण्याची पळवाट नाही, उलट विश्वासू राहणं परवडतं ते त्याच्यामुळेच.

‘मरेपर्यंत विश्वासू राहा, मी तुला जीवनाचा मुकुट देईन’ हे वाक्य बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्मुर्णा शहराच्या मंडळीला उद्देशून आहे. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर. पुढे इसवी सन 155 च्या आसपास त्याच शहराच्या म्हाताऱ्या बिशपवर, पॉलिकार्पवर, ती वेळ आली. त्या मंडळीने दुसऱ्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सगळी हकीकत आहे. शिपाई पकडायला आले, तर त्याने आधी त्यांना जेवायला वाढायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. प्रार्थना दोन तास चालली. रोमन अधिकारी म्हणाला, ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो. पॉलिकार्पचं उत्तर असं : 86 वर्षं मी त्याची सेवा करतोय, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? चितेवर त्याने केलेल्या प्रार्थनेत आत्मा आणि देह दोन्हींच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आहे. अंगाला आग लागायच्या बेतात माणूस देहाची आशा बोलून दाखवतो, हे मला तरी कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटतं.

पण त्याच पत्रात क्विंटस नावाच्या माणसाचीही गोष्ट आहे, ती फार कमी सांगितली जाते. हा गडी स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे काढलं, आणि आखाड्यातली श्वापदं पाहताच गळाठला. शेवटी त्याने अधिकाऱ्यांना हवी ती शपथ घेतली, देवतांपुढे धूपही जाळला. पत्र लिहिणारे म्हणतात, आपणहून मरणाच्या दारात जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. म्हणजे मरण शोधत फिरणं याला विश्वासूपणा म्हणत नाहीत. पॉलिकार्पही आधी शेतावरच्या घरात लपलाच होता.

आणि जे कच खातात त्यांचं काय? येशूचा शिष्य पेत्र याने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं, तरी येशूची मेंढरं राखायचं, म्हणजे त्याच्या अनुयायांना सांभाळायचं काम त्याच्याकडेच आलं. 250 साली रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांपुढे अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावला. पुष्कळ ख्रिस्ती वाकले, काहींनी पैसे चारून नुसते दाखले मिळवले. नंतर रोमचा धर्मगुरू नोवातियन म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्ताप करतील तर घ्यायचं, आणि चर्चने साधारण त्याचंच ऐकलं. गंमत म्हणजे त्या छळात सिप्रियन स्वतः लपला होता, त्यावरून लोक त्याला बोललेही. 258 साली त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा मात्र तो हलला नाही. ‘शेवटपर्यंत’ याचा अर्थ मी असाच लावतो : मधे पाय घसरला तरी शेवटी कुठे उभे आहात ते पाहिलं जातं.

मग दहन केलं तर उठणार कसं, हेही लोक हमखास विचारतात. 177 साली आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात विरोधकांनी हाच हिशेब केला होता. रक्तसाक्ष्यांची, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत लोटली, म्हणजे यांची उठायची आशाच संपेल. ख्रिस्ती लोकांनी आशा सोडली नाही. मातीतून उठवणाऱ्याला राख जड जाणार नाही. तरी पुरण्याचीच रीत राहिली, कारण येशूलाही कबरेत ठेवलं होतं. कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला मुभा दिली, अट एवढीच की ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. आमच्याकडे अजून बहुतेकांना पुरतात. कबरेत मूठभर माती टाकताना पाळक मातीला माती, राखेला राख म्हणतात आणि लगेच पुढे पुनरुत्थानाच्या खात्रीचे शब्द येतात.