बाहेरची ऑफर दाखवून पगार वाढवून मागू का?

प्रश्न : मी एकाच कंपनीत ६ वर्षं आहे. काम आवडतं, टीम चांगली आहे, साहेबही बरे आहेत. पण पगार फार मागे राहिलाय, माझ्यानंतर लागलेल्या एकाला माझ्यापेक्षा जास्त मिळतो हे मध्यंतरी कळलं. सहज म्हणून एका ठिकाणी इंटरव्ह्यू दिला तर ऑफरच आली, आत्तापेक्षा २५ टक्के जास्त आणि उत्तर द्यायला ७ दिवस. खरं सांगायचं तर मला जायचं नाहीये. ही ऑफर साहेबांना दाखवून पगार वाढवून मागू का? नवरा म्हणतो बिनधास्त दाखव, मैत्रीण म्हणते दाखवलंस की कायमची डोळ्यांवर येशील.

उत्तर : (अंक छापून येईपर्यंत तुमचे ७ दिवस संपले असते म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, हे बाकीच्यांसाठी.)

तुमच्या पत्रातलं 'मला जायचं नाहीये' हे वाक्य मी दोनदा वाचलं, सगळी गोम तिथेच आहे. ऑफर पुढे केली आणि साहेब म्हणाले, 'छान आहे, घ्या', तर काय करणार? तोंड पाडून परत जागेवर येऊन बसलात की त्यांना कायमचं कळलं, ही काही कुठे जात नाही, मग पुढची ४ वर्षं तुम्ही काहीही मागा. म्हणून जायची तयारी असेल तरच ऑफरचं नाव काढायचं, नसेल तर ती ड्रॉवरमध्येच बरी.

पण त्याच्याआधी एक विचारते, या ६ वर्षांत तुम्ही पगार नीट, समोर बसून मागितलाय का कधी? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. बरेच जण मनातल्या मनात कुढतात आणि एकदम बाहेरचं लेटर घेऊनच उभे राहतात, मग समोरच्याला वाटतं हे काय अचानक. तेव्हा आधी ऑफर न काढता २० मिनिटं मागून घ्या. ६ वर्षांत काम किती वाढलं, कुठल्या गोष्टी आता तुमच्याशिवाय हलत नाहीत ते सांगा, आणि बाहेर या कामाला साधारण किती मिळतं तेही सांगा, तो आकडा आता तुम्हाला पक्का माहितीये, लेटर न दाखवताही वापरता येतो. सहकाऱ्याच्या पगाराचं मात्र चुकूनही काढू नका, विषय तुमच्या पगारावरून 'तुम्हाला हे सांगितलं कुणी' वर जातो आणि तिथेच संपतो.

त्यावर 'बघू अप्रेझलला' असं आलं आणि तोपर्यंत तुमचं मन जायला तयार झालं असेल, तर मग सांगा. सरळ शब्दांत, समोरासमोर, मेलवर नाही आणि एचआरला सीसी करून तर अजिबात नाही. 'मला बाहेरून ऑफर आलीये, इथेच राहायला आवडेल, अमुक आकडा होत असेल तर मी थांबते, त्यांना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय.' बस. आकडा तुमच्या तोंडून जाऊ दे, नुसतं 'काहीतरी करा ना' म्हटलं की खरंच काहीतरीच होतं. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, लेटरची कॉपी तर आपणहून देऊच नका, बऱ्याच लेटरमध्ये गोपनीय ठेवा असं लिहिलेलंच असतं.

आता थोडं गणित, कारण इथे भले भले फसतात. समजा त्यांनी १५ टक्के देऊ केले, पण ४ महिन्यांनी तुमचं ८ टक्क्यांचं नेहमीचं इन्क्रिमेंट होणारच होतं आणि ते आता यातच धरलं, तर १०० चे १०८ होणार होते त्याचे ११५ झाले, म्हणजे खरी वाढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून 'हे इन्क्रिमेंट धरून की सोडून' असं स्पष्ट विचारा. बाहेरच्या २५ टक्क्यांनाही तोच नियम, १२५ मधले १५ व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून कमी-जास्त होणारे असतील आणि तुमचे आत्ताचे १०० सगळे फिक्स्ड असतील तर खात्रीची वाढ १० टक्केच, उरलेलं त्यांच्या मर्जीवर. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि लवकर सोडलंत तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो. शिवाय इथला वर्षाचा बोनस मिळायच्या आधी निघालात तर तो बुडतो का तेही बघून ठेवा.

आणि सुधारित पगाराचं पत्र हातात येईपर्यंत बाहेरच्यांना नाही म्हणू नका, साहेब कितीही देवमाणूस असू देत, वरून मंजुरी आलीच नाही तर तेही काही करू शकत नाहीत.

मैत्रीण म्हणते त्यात थोडं तथ्य आहे. मी स्वतः बरीच वर्षं मॅनेजर होते. एका मुलीला वर्षभर 'बजेट नाही' म्हणत होते, ती ऑफर घेऊन आली आणि २ दिवसांत बजेट निघालं, याची मला आजही लाज वाटते. पण त्यानंतर एक मोठं लांबलचक काम कुणाला द्यावं असा विचार करताना तिच्या नावापाशी मी अडखळले हेही खरं, ही राहील का असं वाटून गेलं. आणि ती पुढे वर्षाच्या आत गेलीच, कारण तिचा खरा वैताग रोज ऑफिसात उशिरापर्यंत थांबावं लागण्याचा होता, पैसे वाढले आणि उशीर तसाच राहिला. तुमचं तसं काही दिसत नाही, तुम्हाला खरंच पैशाचंच दुखतंय, त्यामुळे वाढ मिळाली तर तुम्ही टिकाल असं मला वाटतं.

प्रश्न : ऑफर नसताना आहे असं सांगितलं तर?

उत्तर : 'अभिनंदन, शेवटचा दिवस कुठला धरू?' असं विचारलं की काय सांगाल ते आधी ठरवा.