'डोडो' या नामशेष पक्ष्याच्या नावाचा अर्थ खरंच 'मूर्ख' असा आहे का? हे नाव आलं कुठून?

जुन्या पोर्तुगीजमध्ये 'दोउदो' म्हणजे वेडा, खुळा. त्यावरून 'डोडो' आला, असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं आणि तुम्हीही तेच वाचलं असणार. ही व्युत्पत्ती अशक्य नाही. पण मला डच व्युत्पत्ती जास्त पटते, आणि तिच्यात अकलेचा काहीच संबंध नाही.

१५९८ साली डच जहाजं मॉरिशसला लागली. खलाशांनी या पक्ष्याला आधी वेगळंच नाव दिलं होतं : 'वाल्खफोगल', म्हणजे किळस आणणारा पक्षी. मांस जितकं शिजवावं तितकं चिवट होतं, अशी त्यांची तक्रार होती. छातीचं मांस त्यांना चालायचं, पण बेटावर पारवे आणि पोपट मुबलक असताना याच्या वाटेला कोण जाणार!

मग १६०२ च्या सफरीतल्या एका डच कप्तानाच्या रोजनिशीत 'डोडआर्स' हा शब्द येतो. (ती रोजनिशी छापली गेली १६४८ मध्ये, हेही सांगायला हवं.) 'डोड' म्हणजे गोंडा किंवा गाठ, आणि 'आर्स' म्हणजे ढुंगण. डोडोच्या मागच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका होता, म्हणून हे नाव. खलाशांना ते नव्याने शोधायचीही गरज नव्हती. आपल्याकडे तळ्यांत बुड्या मारणारी टिबुकली असते ना, तिला डच लोक आजही 'डोडआर्स' म्हणतात. टिबुकलीचा फुगीर, पिंजल्यासारखा पार्श्वभाग पाहिलात की घरच्या ओळखीच्या पक्ष्याचं नाव परक्या बेटावरच्या पक्ष्याला कसं चिकटलं असेल, ते लगेच कळतं. मला ही व्युत्पत्ती पटते ती यामुळेच.

पोर्तुगीज बाजूने मुख्य पुरावा एका इंग्रजाचा आहे. इमॅन्युएल ऑल्थम याने १६२८ मध्ये मॉरिशसहून भावाला लिहिलं, की मी एक विचित्र पक्षी पाठवतो आहे, पोर्तुगीज त्याला 'डोडो' म्हणतात. हा पुरावा उडवून लावता येत नाही. पण पोर्तुगीजांना हे बेट सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं, तरी त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांत या पक्ष्याचा उल्लेख सापडलेला नाही. 'डो-डो' अशा आवाजावरून नाव पडलं असावं, असाही एक तर्क आहे. डोडो कबुतरांच्या कुळातला, त्यामुळे तर्क गोड आहे. पण त्याचा आवाज कोणी नोंदवलेलाच नाही.

'मूर्ख' हा शिक्का पक्का व्हायला, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याचा मोठा हातभार लागला. १७६६ मध्ये त्याने 'डिडस इनेप्टस' असं शास्त्रीय नाव दिलं; 'इनेप्टस' म्हणजे अडाणी, कुचकामी. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. ज्या बेटावर शिकार करणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, तिथे माणसाला पाहून पळायचं हे त्याने शिकायचं कुणाकडून? जहाजांबरोबर उंदीर, डुकरं आणि माकडं आली, जंगल तुटू लागलं, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याचा निभाव लागला नाही. १६६२ नंतर तो दिसल्याची सर्वमान्य नोंद नाही. २०१६ मध्ये कवटीच्या आतल्या पोकळीचा अभ्यास झाला, तेव्हा शरीराच्या मानाने त्याचा मेंदू इतर कबुतरांइतकाच असल्याचं दिसलं. आणि २००२ च्या डीएनए अभ्यासानुसार त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या निकोबारचं कबुतर!

जाता जाता, हा पक्षी सुरतेपर्यंतही आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात तिथे दोन डोडो पाहिले. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं चित्र रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. त्यात शेजारी पट्टकादंबासारखे आपल्याकडचे पक्षी इतके हुबेहूब आहेत, की डोडोही खराच उतरला असणार असं अभ्यासक मानतात. शोधून जरूर बघा.

आजचं शास्त्रीय नाव मात्र 'राफस कुकुलॅटस' आहे. 'कुकुलॅटस' म्हणजे कुंची घातलेला. चेहरा बिनपिसांचा आणि त्यामागे डोक्यावरून पिसांची कड, म्हणून कुंची. हा शब्दही लिनियसचाच, पण १७५८ चा. प्राण्यांच्या नामकरणात आधीचं नाव ग्राह्य धरतात, त्यामुळे 'इनेप्टस' मागे पडलं.