किकवर पाय पडला की स्नेअर वाजतो? आधी मॉड्यूल उचलून कुठे देऊ नका

तुमच्या इलेक्ट्रॉनिक ड्रम किटबद्दलची पोस्ट वाचली आणि मला माझंच २०१९ आठवलं. किक (पायाने वाजवायचा ड्रम) मारली की स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) आपोआप 'टिक' करतो, रोलमध्ये, म्हणजे भराभर सलग फटक्यांत, मधेच एका फटक्याचे दोन ऐकू येतात, आणि शेवटी तोच प्रश्न, मॉड्यूल (पॅडवरचे फटके ओळखून आवाज काढणारी पेटी) गेलं का? नाही गेलं हो. म्हणजे छातीठोक नाही सांगत, तुमचा किट मी बघितलेला नाही, पण बहुतेक नाहीच.

केबल अदलाबदल करून बघणं वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

मी काय माती खाल्ली ते ऐका. स्नेअर डबल वाजतो म्हणून मॉड्यूलमध्ये थ्रेशोल्ड (किती जोराच्या फटक्यापासून आवाज काढायचा ती मर्यादा) वाढवला, तर हलके फटके गायब. मग सेन्सिटिव्हिटी वाढवली, तर जरा जोर लावला की प्रत्येक फटका थेट १२७, म्हणजे कमाल जोराचा. मग मास्क टाइम (एका फटक्यानंतर मॉड्यूल जितका वेळ दुसरा फटका मोजत नाही तो) ४० मिलिसेकंदांवर नेला आणि डबल बंद झालं, मी खूश, बायकोला बोलावून वाजवून दाखवलं. दोन दिवसांनी कळलं की फ्लॅम (दोन स्टिकांचा जवळजवळ एकत्र पडणारा फटका) वाजतच नाहीये. फ्लॅममधल्या दोन स्टिका साधारण २०-३० मिलिसेकंदांच्या फरकाने पडतात, त्यातली दुसरी मॉड्यूल गिळत होतं. साध्या वाजवण्यात हे लक्षातच येत नाही कारण १२० च्या टेम्पोला दोन सोळाव्या नोट्समध्ये (एका ठोक्याचे चार भाग) १२५ मिलिसेकंद असतात, तिथे ४० नी काहीच बिघडत नाही.

मग वैतागून एका सर्व्हिस सेंटरला गेलो, नाव घेत नाही. "पॅड कशाला आणताय, नुसतं मॉड्यूल ठेवा." ठेवलं. सात आठवडे. दर फोनला "सर, इंजिनियर बघतायत". परत मिळालं तेव्हा कागदावर 'फॉल्ट आढळला नाही' आणि तपासणीचे पैसे वेगळे. इथपर्यंत पण चाललं असतं, पण त्यांनी न विचारता फॅक्टरी रीसेट मारला होता. दोन वर्षं बसून मॉड्यूलमध्ये जमवलेले सगळे आवाजांचे किट, हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांचं) कॅलिब्रेशन, सगळं साफ, आणि चार दिवसांवर गणपतीतला कार्यक्रम. बॅकअप घेतला नव्हता ही चूक माझीच, पण निदान विचारायचं तरी! आपल्याकडे ही मंडळी कीबोर्ड आणि ऑक्टापॅडवर (आठ रबरी पॅडचं वाद्य) तयार झालेली, रबराच्या पॅडची सवय. जाळीची हेड्स (पॅडवर ताणलेली, जिच्यावर स्टिक मारतो ती जाळी) रोलँड कंपनीच्या व्ही-ड्रम्सपासून, म्हणजे १९९७ पासून आहेत, पण आत काय असतं ते उघडून बघायची कोणाची तयारी नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी मीच ड्रम की (हेडचे बोल्ट फिरवायची चावी) घेऊन स्नेअरचं हेड काढलं. मधल्या पीएझो सेन्सरवर (फटक्याची थरथर ओळखणारी चकती) फोमचा एक शंकू असतो, त्याचं टोक कडेच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर हवं. माझं खाली गेलेलं. अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहिला आणि बोटाला पिवळी भुकटी लागली, जुन्या एसटीच्या सीटमधून निघते तशी. त्यात मी हेड मुद्दाम सैल ठेवलेलं, आवाज कमी होतो म्हणून. सैल जाळी फटक्यानंतर जास्त वेळ उसळत राहते आणि मॉड्यूलला तो दुसरा फटका वाटतो. नवीन शंकू टाकला, हेड समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे पिळत ताणलं, आणि डबल गेलं. मास्क टाइम परत ८ वर आणला, फ्लॅम पण परत आले.

किकमुळे वाजणारा स्नेअर मात्र वेगळा आजार. सगळे पॅड ज्यावर बसवतात त्या रॅकच्या पाइपमधून थरथर स्नेअरपर्यंत पोचते. क्लॅम्प घट्ट करा, आणि जमलं तर स्नेअर रॅकवरून काढून वेगळ्या स्टँडवर ठेवा, माझं नव्वद टक्के काम तिथेच झालं. उरलेल्यासाठी मॉड्यूलमधलं स्नेअरचं क्रॉसटॉक (दुसऱ्या पॅडमुळे आलेली थरथर दाबणारं सेटिंग) एकेक आकड्याने वाढवायचं आणि टिक थांबली की हात काढायचा. लोक सरळ कमाल करून ठेवतात, मग किक आणि स्नेअर एकत्र पडले की स्नेअरच गायब, आणि परत पोस्ट टाकतात की मॉड्यूल गेलं.

माझं मत असं की पॅड हाताने तपासल्याशिवाय मेनूत शिरूच नये. काहींना पटणार नाही, नसू दे. आणि मॉड्यूल कुठेही द्यायच्या आधी बॅकअप घ्या, तो पर्याय नसेल तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. वॉरंटीत असाल तर मात्र पॅड उघडायच्या आधी कार्ड वाचा, नंतर मला बोल लावू नका.

जाता जाता, तुम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तक्रारीचं लिहिलंय. हेडफोन लावला तरी किकचा दणका स्लॅबमधून जातोच, सतरंज्यांनी काही होत नाही. प्लायवूडच्या दोन फळ्या आणि मधे अर्धे कापलेले टेनिस बॉल, त्यावर किट. आमच्याकडे तक्रार पूर्ण थांबली नाही, पण रात्री नऊपर्यंतची परवानगी मिळाली.

स्नेअर उघडलात तर शंकूचा बाजूने फोटो टाका, कडेला पट्टी आडवी धरून.